‘येतो’ म्हणालेले पाहुणे

इटलीतल्या त्या जुन्या घराचा नियम असा होता की, निघताना पाहुणा ‘जातो’ म्हणाला तर तो गेला आणि ‘येतो’ म्हणाला तर तो आला. नियम चारशे वर्षं चालत आलेला होता आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. कऱ्हाडचे दिगंबर पांचाळ आणि त्यांची बायको मालनबाई तिथं उतरेपर्यंत, निघताना ‘येतो’ म्हणणारं माणूस त्या घराला भेटलंच नव्हतं.

दिगंबर पांचाळांना सगळे अण्णा म्हणत. चौथीत शाळा सुटली आणि पुढं पन्नास वर्षं त्यांनी कऱ्हाडच्या मंडईच्या तोंडाशी बसून किल्ल्या घासल्या. बोलणं कमी, तेही सावकाश. लेक रोहिणी तुरीनला नोकरीला होती. तिचं पहिलंच बाळंतपण, म्हणून दोघं डिंकाचे लाडू, अळीव आणि जुन्या लुगड्याच्या दुपट्यांची बॅग घेऊन इटलीला आलेली. डॉक्टरांनी शनिवारची तारीख दिली होती. “एकदा बाळ आलं की आईला मान वर करायला सवड मिळायची नाही,” असं म्हणून रोहिणीनं दोघांसाठी दोन तासांवरच्या डोंगरावर, जुन्या व्हिलातलं दोन खोल्यांचं घर चार दिवस भाड्यानं घेतलं. मंगळवारी सकाळी निघायचं आणि जेवायला तुरीनला पोचायचं, असं ठरलं होतं.

व्हिला पिवळ्या रंगाचा होता. फाटकापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंनी सुरूसारखी उंच, काळपट झाडं आणि खाली उतारावर द्राक्षाच्या बागा. आत एकसारखी सहा बिऱ्हाडं. प्रत्येकाच्या छतावर चित्र काढलेलं: ढग आणि त्या ढगांतून खाली वाकून बघणारी माणसं. मालनबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “अहो, वरून इतके जण बघत असताना मला झोप यायची नाही.” पण झोप आली. चार दिवस बरे गेले.

घर सांभाळायला दोनाता नावाची बाई होती. साठीची, काळा स्वेटर घातलेली, काखेत कायम एक जाड वही. ती आपल्या भाषेत मोबाइलला सांगायची आणि मोबाइल ते मराठीत म्हणून दाखवायचा.

“आपली निद्रा समाधानकारक झाली असावी,” मोबाइल म्हणायचा.

“आत बातम्या देणारा माणूस कोंबलाय का हो?” मालनबाई विचारायच्या. मोबाइल तेही इमानेइतबारे दोनाताला सांगायचा. ती मान हलवून, नाही, म्हणायची.

मंगळवारी सकाळी टॅक्सी आली. मालनबाईंनी दोनाताच्या हातात एक लाडू ठेवला आणि आपल्याकडं म्हणतात तसं म्हणाल्या, “बरंय, येते हं.” अण्णांनीही हात जोडले. “येतो.” दोनातानं वहीत काहीतरी लिहिलं. किल्ली मात्र परत मागितली नाही. किल्लीवाल्या माणसाच्या ते तेव्हाच ध्यानात आलं.

टॅक्सी झाडांमधून खाली गेली, वळली आणि त्याच फाटकाशी येऊन थांबली. ड्रायव्हरनं बॅगा उतरवल्या, टोपी काढून निरोप घेतला आणि तो निघून गेला.

“काही विसरलं का त्याचं?” मालनबाई म्हणाल्या.

दोनाता पहिल्या दिवशी आली होती तशीच समोरून आली. एका हातात हेझलनटची बशी, दुसऱ्या हातात किल्ली.

“सुस्वागतम्. आपला प्रवास सुखाचा झाला असावा.”

“अहो, ही आपल्याला ओळखत नाही का?”

मोबाइल जरा थांबला. “मी आपल्याला उत्तम ओळखते. परंतु आपण आत्ताच आला आहात. पहिले बिऱ्हाड भरलेले आहे. आपणास दुसरे देण्यात येत आहे.”

अण्णांनी नवी किल्ली घेतली आणि खिशातल्या जुन्या किल्लीवर ठेवून पाहिली. दाते जुळले. मग बोट फिरवून पाहिलं, आणि बोट तसंच राहिलं. तिसऱ्या दात्याची उजवी कड दोन्हींची घासलेली होती, अगदी एकाच जागी, एकाच मापानं. दोन किल्ल्या सारख्या करता येतात, हे त्यांना पन्नास वर्षांच्या धंद्यानं माहीत होतं. झीज सारखी करता येत नाही, हेही माहीत होतं.

त्यांनी दोन्ही किल्ल्या खिशात टाकल्या. दुसरी टॅक्सी बोलावली. निघताना मालनबाई पुन्हा “येते हं” म्हणाल्या, अण्णा “येतो” म्हणाले, आणि दुपारच्या आत ती दोघं तिसऱ्या बिऱ्हाडात होती.

भिंतीपलीकडं कुणीतरी खोकलं.

“पाणी प्या,” मालनबाई म्हणाल्या.

“मी नाही खोकलो.”

“तुम्हीच खोकलात. हा खोकला मी पंचेचाळीस वर्षं ऐकतेय.”

अण्णांनी भिंतीकडं पाहिलं. पलीकडं तांब्यात पाणी ओतल्याचा आवाज झाला. मग त्याच्याही पलीकडं, दूरच्या बिऱ्हाडात, तोच खोकला आणि तेच पाणी.

मागच्या अंगणात दोरीवर मालनबाईंची अबोली साडी वाळत होती, काठाला चुलीची ठिणगी पडून झालेल्या भोकावर त्यांनीच रफू केलेली. तिच्या शेजारी तीच साडी, तेच रफू. तिसरी त्यांच्या अंगावर होती. नळावर एक बाई पाठमोरी बसून कप विसळत होती.

“बघा की,” मालनबाई हळू आवाजात म्हणाल्या, “त्या बाईला धड अंबाडासुद्धा घालता येत नाही. सुटत आलाय.”

अण्णांनी मालनबाईंच्या मानेवर सुटत आलेला अंबाडा पाहिला आणि त्यांच्या हाताला धरून त्यांना आत नेलं.

संध्याकाळी दोनातानं वही उघडून दाखवली. मोबाइल वाचत गेला. “श्री. व सौ. पांचाळ, आगमन शुक्रवार. श्री. व सौ. पांचाळ, आगमन मंगळवार. श्री. व सौ. पांचाळ, आगमन मंगळवार. प्रस्थान, निरंक.”

“बाई, आमच्या लेकीचे दिवस भरलेत तिकडं,” अण्णा म्हणाले. “आम्हाला निघायला पाहिजे.”

“निघण्यास कोणतीही हरकत नाही. प्रत्येकाने आपल्या मुखाने ‘जातो’ किंवा ‘जाते’ असे म्हणावे. एकाने दुसऱ्यासाठी म्हटलेले चालत नाही.”

“तुमच्या घराला मराठी कळतं?”

“घर जुने आहे,” मोबाइल म्हणाला.

मालनबाईंनी कानांवर हात ठेवले. “मी नाही म्हणायची. लेक बाळंत व्हायचीय आणि तिच्या आईनं तोंडानं ‘जाते’ म्हणायचं? तुम्हाला ठाऊक आहे ना सगळं?”

अण्णांना ठाऊक होतं. मालनबाईंच्या आईला मिरजेच्या दवाखान्यात नेताना, बैलगाडीत बसता बसता ती एकदाच “जाते गं पोरी” म्हणाली होती. मालनबाई तेव्हा नऊ वर्षांच्या. उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी ओरडून सांगितलं होतं, “आई, येते म्हण!” गाडीच्या चाकांच्या आवाजात आईला ते ऐकू गेलं नाही. तेव्हापासून घरातलं कुणी मीठ आणायला निघालं तरी मालनबाई शब्द दुरुस्त करून घेत. अण्णांनी पंचेचाळीस वर्षांत तो शब्द उच्चारला नव्हता.

बुधवारी त्यांनी काहीच न बोलता निघून पाहिलं. न सांगता गेलेला पाहुणा घरात आराम करतोय असं धरतात, तोही नियमच होता. दोघं बॅगा उचलून झाडांमधून चालत गेली आणि वळणावर पोचताच तिसऱ्या बिऱ्हाडातल्या पलंगावरून उठून बसली. पायांना धूळ होती. छतावरची माणसं वाकून बघत होती. त्यांच्यात एखादं वाढलं आहे का, हे अण्णांनी मोजलं नाही.

गुरुवारी सकाळी रोहिणीचा फोन आला. “आई, कुठं आहात गं? परवापासून निघतोय-निघतोय चाललंय तुमचं. मला कळा सुरू झाल्यात.” मग लहानपणी ताप आल्यावर म्हणायची तसं म्हणाली, “आई, ये ना.”

मालनबाईंनी फोन ठेवला, अंबाडा सोडून पुन्हा घट्ट घातला, लाडवांचा डबा पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, “गाडी बोलवा. म्हणते मी.”

फाटकात दोनाता वही उघडून उभी होती.

“आधी तुम्ही म्हणा,” मालनबाई म्हणाल्या.

“नको. आधी तू,” अण्णा म्हणाले. “तुझं पोचणं महत्त्वाचं आहे. मी मागोमाग आहेच.”

मालनबाईंनी डोळे मिटले. ओठ दोनदा हलले. मग त्या म्हणाल्या, “जाते.”

वरच्या दोन खिडक्या एकदम उघडल्या आणि दोन बायका एका आवाजात म्हणाल्या, “अगं, जाते म्हणू नये, येते म्हणावं!”

“तुमचं काय जातंय बोलायला?” मालनबाई वर न बघता ओरडल्या. “पोरगी माझी अडलीय.”

वरच्या दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग एकीनं विचारलं, “लाडू घेतलेस ना?” आणि खिडक्या हळूच लागल्या.

दोनातानं लिहिलं, ओळ ओढली आणि हात पुढं केला. मालनबाईंनी किल्ली दिली. “नोंद झाली,” मोबाइल म्हणाला. “सौ. पांचाळ गेल्या.”

‘गेल्या’ ऐकून अण्णांनी झटकन वळून पाहिलं. पण समोर मालनबाई फाटकाच्या बाहेर धडधाकट उभ्या होत्या. डबा नीट धरला होता, पाय रस्त्यावर होते. पहिल्यांदाच मालनबाई त्या घराच्या बाहेर होत्या. त्यांच्या तोंडावर हसू आलं. “चला, या लवकर,” त्या म्हणाल्या.

अण्णांनी बॅग उचलली. दोनाताकडं वळले. “जा...”

“अहो!” मालनबाईंचा हात आपोआप पुढं आला. आवाज घाबरलेला, नऊ वर्षांच्या पोरीसारखा. “जातो म्हणू नये! येतो म्हणा!”

आणि पंचेचाळीस वर्षं जे केलं तेच अण्णांनी केलं.

“येतो,” ते म्हणाले.

मालनबाईंनी तोंडावर हात ठेवला. टॅक्सी चालू झाली होती, ड्रायव्हर दार उघडून खुणावत होता, आणि तिकडं रोहिणी एकटी होती. त्या आत बसल्या. मागच्या काचेतून त्यांचं तोंड दिसत राहिलं. गाडी वळणावर पोचली आणि वळून परत आली नाही. अण्णा फाटकात बॅग घेऊन उभे होते. दोनाता समोरून बशी आणि किल्ली घेऊन आली.

“सुस्वागतम्. आपणास चौथे बिऱ्हाड देण्यात येत आहे. आपण या वेळी एकटे आहात काय?”

“हो,” अण्णा म्हणाले.

चौथ्या बिऱ्हाडातून भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येई. पहिल्या बिऱ्हाडात मालनबाई अण्णांना चादर नीट घेत नाही म्हणून रागवत होत्या. दुसऱ्यात त्या हसत होत्या. तिसऱ्यात सामसूम होती. दुपारी दारात कुणीतरी ताट झाकून ठेवून गेलं. अण्णांनी दार उघडेपर्यंत जिन्यावर बांगड्यांचा आवाज उतरत गेला होता.

शुक्रवारी दुपारी फोन आला. अण्णा दिवाणखान्यात होते. मागं दोनाता टेबलाशी बसून वहीवर रेघा मारत होती.

“मुलगी झाली हो,” मालनबाई म्हणाल्या आणि रडल्या. “रोहिणी बरी आहे. नाक तुमचं आलंय, काय करणार.”

अण्णांनी आपल्या नाकावरून बोट फिरवलं. “तू वेळेवर पोचलीस का?”

“पोचले. हात धरून होते.”

“झालं तर मग. आता मीही म्हणून टाकतो तो शब्द आणि निघतो.”

“काय म्हणून टाकता? चार तासांचं बाळ आहे मांडीवर! सव्वा महिना तरी असलं काही तोंडातून काढायचं नाही, सांगून ठेवते.”

“बरं.”

“जेवलात का?”

“ताट आलं होतं.”

“कुणी दिलं?”

अण्णांनी जिन्याकडं पाहिलं. “तूच.”

पलीकडं बाळ रडायला लागलं. मग मालनबाईंनी विचारलं, “भाजीत मीठ कमी होतं?”

“होतं थोडं.”

“कप विसळतानाच बघितलं होतं मी. लक्ष नसतं तिचं.” मग आवाज हळू झाला. “अहो, पण येताय ना?”

दोनातानं रेघा मारायचं थांबवून पेनाचं टोपण काढलं. अण्णांनी ते पाहिलं. फोन कानाशी घट्ट धरला. बाळ आता रडायचं थांबलं होतं, ऐकत असल्यासारखं.

“येतो,” अण्णा म्हणाले.

दोनातानं लिहिलं, उठली आणि खिळ्यावरची पाचवी किल्ली काढली. बाहेर फाटकापाशी टॅक्सी थांबल्याचा आवाज झाला. खिडकीतून दिसलं, झाडांच्या सावलीत एक म्हातारा बॅग खाली ठेवून, कंबरेवर हात देऊन खोकत होता. एकटाच होता. इकडंतिकडं बघत होता, कुणीतरी मागं राहिल्यासारखं.

अण्णांनी तांब्यात पाणी भरून घेतलं आणि ते त्याची बॅग उचलायला खाली गेले.