काकूची जाड रेघ

दोन हजार चौदा सालची गोष्ट. प्राणिसंग्रहालयात एक संशोधक ताई आल्या होत्या. माकडांच्या पोटातले जंतू संगतीने कसे पसरतात, याचं गणित त्या मांडत होत्या. रोज सकाळी प्रत्येक माकडाची विष्ठा वेगळ्या डबीत भरत. महिन्याभराने म्हणाल्या, "आता कर्मचाऱ्यांचीही हवी."

पिंजरे सांभाळणाऱ्या तात्यांनी हातातला झाडू खाली ठेवला. "यातून कळतं काय, ताई?"

"कोण कुणाला चिकटून बसतं, कोण कुणाचं उष्टं खातं, सगळं. जंतू फार चुगलखोर, तात्या!"

मोठ्या साहेबांचा नियम होता, प्राण्याबरोबर खाताना सापडला की नोकरी गेली. आणि काकू नावाच्या म्हाताऱ्या माकडिणीला तात्यांनी दोन-तीनदा आपल्या हातातलं अर्धं केळं दिलं होतं.

"मला दिलंत कधी अर्धं?" घरी बायको कडाडली. मग जरा निवून म्हणाली, "डब्या गोळा कोण करतं?"

"मीच."

"मग साहेबांच्या डबीवर तुमची चिठ्ठी लावा, तुमच्या डबीवर त्यांची. नियम करणाऱ्याचं पोट स्वच्छच असणार."

तात्यांनी तसंच केलं.

पंधरा दिवसांनी सभा भरली. पडद्यावर ठिपके आणि रेघा. "ठिपका म्हणजे एक जीव. संगत दाट, तितकी रेघ जाड," ताईंनी समजावलं. काकूपासून निघालेली सगळ्यात जाड रेघ थेट तात्यांच्या नावावर येऊन थांबली होती.

"तात्या, रोजची पंगत दिसतेय!" ताई हसल्या.

"नियमाप्रमाणे..." हेडक्लार्कने वही उघडली.

तात्या ताडकन उठले. "असं कसं? ती डबी माझी नाहीच! साहेबांची आहे! चिठ्ठ्या मी बदलल्यात!"

एकेक मान साहेबांकडे वळली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ही गेल्यापासून घरी एकट्याने डबा उघडवत नाही हो," ते म्हणाले. "सकाळी सातला, तुम्ही यायच्या आत, काकूजवळ बसतो. एक घास तिला, एक मला. चावता चावता ऐकून घेते बिचारी."

हेडक्लार्कने वही मिटली.

तात्यांची नोकरी टिकली. चार वर्षांनी हारतुरे घेऊन निवृत्त झाले. हेडक्लार्क बढतीवर दुसरीकडे गेला. काकू पिकल्या वयात, झोपेतच गेली. ताईंना पदवी मिळाली, आता त्या शिकवतात. त्यांच्या प्रबंधात माकडांच्या कळपातला सातवा ठिपका म्हणजे मोठे साहेब. ते पान साहेबांनी चौकटीत बसवून बैठकीत लावलंय. आल्यागेल्याला बोट ठेवून दाखवतात, "हा मी. आणि ही आमची मंडळी."