तिरफळ यांना छळणारा इसम

वर कसं जायचं आणि खाली कसं यायचं, हे बुधाजी धुरींना कोणी शिकवायची गरज नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी मुंबईतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. फोर्टातल्या जाळीच्या दाराच्या लिफ्टपासून परळच्या चाळीस मजली टॉवरपर्यंत, कुठलीही लिफ्ट अडली की कंपनीत म्हणत, धुरीला पाठवा. त्यामुळे फोनवरच्या बातम्यांच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक मजकुराशेजारी एक वरचा आणि एक खालचा बाण दिसला, तेव्हा त्यांना बरं वाटलं. चला, एक तरी गोष्ट ओळखीची निघाली.

अ‍ॅपचं नाव बातमीपार. लोक तिथे बातम्या चिकटवायचे आणि त्याखाली बाकीचे लोक आपापलं मत लिहायचे. चाळीच्या चारही मजल्यांवरचे लोक गॅलरीत येऊन एकदम बोलायला लागावेत, तसला प्रकार. भांडण फार वाढलं की मिटवायला काही जण नेमलेले होते. त्यांना पंच म्हणायचे.

बुधाजींना बातम्यांशी काही घेणं नव्हतं. त्यांची बायको सुचित्रा आठ महिन्यांपूर्वी गेली. त्यानंतर महिन्याभराने, शेल्फवर अजून चार्जिंगला लावून ठेवलेला तिचा फोन वाजला. पडद्यावर आलं होतं, 'तिरफळ, तुमच्या प्रतिसादाला उत्तर आले आहे.' बांगड्याच्या कालवणात घालतात ते तिरफळ. जिभेला लागलं की झिणझिण्या येतात. हे नाव कोणी घेतलं असेल, हे बुधाजींना विचारावं लागलं नाही. सबंध डिलाईल रोडवर ते दुसऱ्या कोणाला शोभलंच नसतं.

सहा वर्षांत तिने तिथे अकराशे त्रेसष्ट प्रतिसाद लिहिले होते आणि नवऱ्याला पत्ता नव्हता. कफ परेडच्या मच्छीमार नगरात सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो म्हणून कोणी तक्रार केली होती. तिने लिहिलं होतं, 'वास आधीपासून आहे. तुमची बिल्डिंग नंतर आली.' म्हाताऱ्या नवरा-बायकोंनी संवाद ठेवावा, असं एका डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याखाली तिचं उत्तर, 'आमच्याकडे संवाद भरपूर आहे. मी बोलते, पंखा खडखडतो, आणि हे मधे कुठेतरी असतात.'

बुधाजी ते वाचून हसले आणि मग बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. तिचा आवाज कुठे टेप केलेला नव्हता. फोटोत बाकी सगळे होते, कारण फोटो तीच काढायची. तिचं बोलणं म्हणून जगात जे काही उरलं होतं ते या अकराशे त्रेसष्ट प्रतिसादांत होतं.

तिच्या फोनला हात लावायला त्यांचं मन होईना. म्हणून त्यांचा मित्र ऑस्वाल्ड परेरा याने त्यांच्याच फोनवर अ‍ॅप घालून दिलं आणि त्यांच्या नावाचं खातं उघडून दिलं. ऑस्वाल्ड राहायचा गिरगावात. पूर्वी एका ऑफिसच्या लिफ्टमध्ये तो तासभर लटकला होता आणि बुधाजींनी त्याला बाहेर काढलं होतं, तेव्हापासूनची दोस्ती.

मग बुधाजींचा नेम ठरला. रोज संध्याकाळी चहा झाला की वीस प्रतिसाद वाचायचे. एक वाचून झाला की त्याच्याशेजारचा खालचा बाण दाबायचा आणि पुढच्यावर जायचं. दाबलेला बाण निळा व्हायचा. वाचल्याची खूण राहते, ही सोय त्यांना फार आवडली. दोन महिन्यांत सगळे वाचून झाले. तिसऱ्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले, तर पहिलाच प्रतिसाद जागेवर नव्हता. तिथे एक करडी पट्टी होती, 'सदस्यांच्या नापसंतीमुळे हा प्रतिसाद मिटवून ठेवला आहे.' दुसराही तसाच. मासळीचा, संवादाचा, सगळेच.

बुधाजींच्या डोक्यात तिडीक गेली. गेलेल्या बाईच्या मागे हात धुऊन लागणारा हा कोण? त्यांनी पंचांना तक्रार लिहिली. आयुष्यातली सगळ्यात लांब तक्रार. कोणी तरी नीच माणूस माझ्या बायकोचा पिच्छा पुरवतो आहे, त्याला हुडकून काढा, त्याचं नाव मला सांगा, पुढचं मी बघतो.

बातमीपारच्या पंचांबद्दल लोकांत मोठी ओरड होती की ते उत्तर देत नाहीत. बुधाजींना दुसऱ्याच दिवशी आलं. तक्रार खरी आहे. तिरफळ यांच्या प्रत्येक प्रतिसादाला एकाच सदस्याने नापसंती दिली आहे. सदस्याचं नाव, बुधाजी धुरी.

त्यांनी तडक ऑस्वाल्डला बोलावून घेतलं आणि सांगितलं, कोणी तरी माझ्या नावाने खातं उघडलंय. ऑस्वाल्डने चष्मा कपाळावर चढवला, सगळं पाहिलं आणि म्हणाला, "तू वाचतोस कसा, ते मला करून दाखव."

बुधाजींनी एक प्रतिसाद उघडला, वाचला आणि बाण दाबला.

"हा बाण का दाबलास?"

"खाली जायला."

"खाली जायला?"

"मग काय वर जायला? पुढचा प्रतिसाद खाली आहे ना?"

ऑस्वाल्डने चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग त्याने हळू आवाजात समजावलं की वरचा बाण म्हणजे आवडलं आणि खालचा म्हणजे नाही आवडलं. सुचित्राच्या प्रतिसादांना कोणी काहीच दिलेलं नव्हतं, ते आपले शून्यावर उभे होते. एक खालचा बाण बसला की ते शून्याखाली जात आणि मिटले जात.

"म्हणजे मीच?" बुधाजी म्हणाले.

"रोज वीस," ऑस्वाल्ड म्हणाला. "चहा झाल्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बुधाजी बसले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी अकराशे त्रेसष्ट वेळा वरचा बाण दाबला. बोटाला बाम लावून दाबला. रात्रीचा भात मांडीवर ताट घेऊन डाव्या हाताने खाल्ला. सकाळी उठून बघतात तर त्यांचं खातं गोठवलेलं, कालचे वरचे बाण रद्द आणि प्रतिसाद पुन्हा मिटलेले. कारण दिलं होतं, असामान्य मतदान.

इथे खरं तर थांबायला हवं होतं. पण शेजारच्या रमाबाईंना हे कळलं. रमाबाई सत्तरीच्या. चाळीच्या मंडळाच्या निवडणुकीत तीस वर्षं मतदार खाली उतरवायचं काम त्यांनीच केलेलं. मतंच हवीत ना, मग रडतोस काय असा, असं म्हणून त्या गॅलरीत गेल्या. दुपारच्या आत एकतीस माणसं बुधाजींच्या खोलीत रांगेने उभी होती. ज्यांना नेट नव्हतं त्यांना बुधाजींचं वायफाय दिलं. ज्यांना स्वतःचं नाव सुचलं नाही त्यांनी खोली नंबर टाकला. रमाबाई दारात यादी घेऊन बसल्या आणि मत दिल्याशिवाय कोणाला बाहेर सोडलं नाही. दोघी-तिघींनी वाचताना डोळे पुसले. सुचित्राने त्यांच्याविषयीही लिहिलेलं होतं, पण नावं घातली नव्हती म्हणून निभावलं.

संध्याकाळी निकाल आला. एकाच खोलीतून बत्तीस खात्यांनी एकाच बाईला मतं दिली आहेत. सबब ही सगळी खाती तिरफळ यांनी स्वतःच काढलेली बनावट खाती आहेत. नवराही बनावट, शेजारीही बनावट. बत्तीसही बंद. तिरफळ यांनी सात दिवसांत कॅमेऱ्यासमोर येऊन आपली ओळख पटवावी, नाही तर त्यांचं खातं आणि सर्व लेखन कायमचं पुसलं जाईल.

रमाबाईंनी विचारलं, म्हणजे पडलो का आपण?

बुधाजींनी मृत्यूचा दाखला पाठवला. उत्तर आलं, 'आपली अडचण समजली. खातेदाराने स्वतः अर्ज करावा.' त्यांनी लिहिलं, ती वारली आहे. उत्तर आलं, 'आपली अडचण समजली. खातेदाराने स्वतः अर्ज करावा.' ऑस्वाल्ड म्हणाला, हे माणूस लिहीत नाहीये. बुधाजींनी तरी आणखी चार वेळा लिहिलं. लिफ्टमध्ये अडकलेल्याला पहिल्या मजल्यावरून ओरडलेलं ऐकू आलं नाही, तर ते तळमजल्यावर जाऊन ओरडायचे, ती सवय.

सहाव्या दिवशी ऑस्वाल्डने भिंतीवरचा सुचित्राचा एकुलता एक फोटो उतरवला. कॅमेऱ्याला काय कळतंय, म्हणाला. तिचा फोन शेल्फवरून खाली घ्यावाच लागला. बुधाजींनी तो ऑस्वाल्डच्या हातात दिला आणि स्वतः फोटो धरून त्याच्यासमोर उभे राहिले.

फोन म्हणाला, चेहऱ्यासमोरील अडथळा दूर करा. बुधाजींनी चंदनाचा हार काढला.

फोन म्हणाला, मान डावीकडे वळवा. त्यांनी फ्रेम डावीकडे वळवली. उजवीकडे वळवा. उजवीकडे वळवली. पडद्यावर हिरवी खूण आली आणि ऑस्वाल्डने अंगठा वर केला.

फोन म्हणाला, आता डोळे मिटा आणि उघडा.

बुधाजी फ्रेम धरून उभे राहिले. फोनने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. मग ऑस्वाल्डने तो बंद केला आणि म्हणाला, "बस खाली, बुधा." बुधाजी फोटो मांडीवर घेऊन पलंगावर बसले. दोघांनाही हार परत घालायचं सुचलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी एका खऱ्याखुऱ्या पंचाचा निरोप आला. नाव नव्हतं, नुसतं पंच क्रमांक सहा. त्याने लिहिलं होतं, काका, मी पगारी नाही, नोकरी सांभाळून हे करतो. सगळं वाचलं. नियमात एकच वाट आहे. ज्या सदस्याचा इथे छळ झाला, त्याचं लेखन पुसता येत नाही. पण छळ करणाऱ्याने तसं कबूल करावं लागतं आणि ती कबुली कायमची सगळ्यात वर लावली जाते. सबब चालत नाही, म्हणून लिफ्टबद्दल लिहू नका. घरची खासगी माहितीही चालत नाही, म्हणून त्या गेल्या हेही नको.

"तू कसला छळ केलास?" ऑस्वाल्ड म्हणाला. "असं लिहून देऊ नकोस."

"बेचाळीस वर्षं संसार केला," बुधाजी म्हणाले. "थोडा असेलच."

त्यांनी लिहिलं, 'मी बुधाजी धुरी. तिरफळ ही माझी बायको. तिच्या सगळ्या लिहिण्याला मी खालचा बाण मारला. चूक माझी आहे. तिचं लिहिलेलं ठेवा.'

संध्याकाळी सगळे प्रतिसाद पुन्हा उघडे झाले. बुधाजींना मत द्यायला आणि लिहायला जन्मभर मनाई. वाचायला परवानगी.

आणि मग लोक आले. बायकोला छळणारा नवरा स्वतःच्या सहीनिशी कबुली देतोय म्हटल्यावर बातमीपारवर दोन दिवस दुसरं काही चाललंच नाही. हजारो लोकांनी बुधाजींना शिव्या दिल्या आणि त्या देता देता खाली जाऊन सुचित्राला वाचलं. मासळीच्या प्रतिसादाला दोन हजार वरचे बाण पडले. पंख्याच्या प्रतिसादाला पाच हजार. बुधाजींनी सगळ्या शिव्या सावकाश वाचल्या. एक-दोन त्यांना पटल्याही.

बहुतेक लोकांचं सुचित्राला एकच सांगणं होतं, ताई, या माणसाला सोडा. तुम्ही इतकं छान लिहिता, सोडा त्याला. तिसऱ्या दिवशी कोणी तरी लिहिलं, 'ताईंचं काहीच उत्तर नाही. सोडून गेल्या वाटतं. बरं झालं.' त्याला नऊशे लोकांनी वरचा बाण दिला होता.

ऑस्वाल्ड शेजारीच बसला होता. त्याने विचारलं, "माझ्या खात्यावरून खरं काय ते लिहू का?"

बुधाजींनी जरा विचार केला.

"नको," ते म्हणाले. "परत पंचांकडे जाईल सगळं."