ह्यांचा फुगवटा

ह्यांच्या पोटातला फुगवटा पाटबंधारे खात्याने ताब्यात घेतला, तेव्हा मी अंगणात कुरडया वाळत घालत होते. खात्याची जीप फाटकाशी थांबली. शाखा अभियंता तांबोळी मॅडम उतरल्या, चपला पायरीपाशी काढून ओट्यावर आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "कणसे, शर्ट जरा वर करता का?"

हे म्हणजे माझे मालक, निवृत्ती कणसे. त्याच खात्यात कालवा निरीक्षक होते. आयुष्य कालव्याच्या भरावावरून सायकल मारण्यात गेलं. साहेबाने सांगितलं की करायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी शर्ट वर केला.

झालं होतं असं. हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी पोटातून खाली जाते, ती ह्यांची बेंबीच्या मागे फुगली होती. मूतखड्याच्या संशयावरून सोनोग्राफी केली, तर खडा नव्हता आणि हे निघालं. शहरातले डॉक्टर उपाध्ये म्हणाले, "दोन रस्ते आहेत. आत्ता ऑपरेशन करायचं, नाहीतर दर काही महिन्यांनी तपासत लक्ष ठेवायचं. साडेपाच सेंटिमीटरला आम्ही ऑपरेशन कराच म्हणतो. तुमचा पाच पॉइंट दोन आहे. त्यात विड्या ओढून फुप्फुसं थकलीत, म्हणजे ऑपरेशनलाही धोका आहे. आणि थांबलो आणि फुटला, तर दवाखाना गाठणं अवघड. तुम्ही ठरवा."

तुम्ही ठरवा! एवढं शिकलेला माणूस आणि शेवटी चेंडू आमच्याच अंगणात. घरी आल्यापासून आम्ही ठरवत होतो. सकाळी हे म्हणायचे थांबू, मी म्हणायचे करून टाकू. दुपारी मला ऑपरेशनच्या टेबलावरचे हे दिसायचे आणि मी म्हणायचे थांबू, तर हे म्हणायचे एकदाचं उरकून टाकतो. दोघांचं एका वेळी एक मत होईना. मला मुळात बसून राहणं जमत नाही. त्या दिवसांत मी दोनदा धुतलेली भांडी तिसऱ्यांदा धुवायची. हे शिंकले तरी हातातलं टाकून धावायची.

तशातच हे जुन्या कचेरीत चहाला गेले. कारकुनाने विचारलं, काय म्हणते तब्येत? हे म्हणाले, "फुगवटा आलाय. वाढतोय." आता त्या कचेरीत फुगवटा या शब्दाला एकच अर्थ. धरणाने अडवलेलं पाणी मागे जिथवर पसरतं तो फुगवटा. आणि कारकुनाने पाहिलं तर या फुगवट्याची खात्याच्या दप्तरी नोंदच नव्हती. म्हणून ती जीप आमच्या दारात आली.

"नोंद डॉक्टरांकडे आहे की," मी मॅडमना म्हणाले.

"डॉक्टर खासगी आहेत, वहिनी. पाणी सरकारचं असतं."

"अहो, पाणी कुठलं? रक्त आहे ते."

"वाहतं ना?"

"वाहतं."

"मग?" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी ह्यांच्या पोटाला टेप लावली.

दुसऱ्या दिवशी चौकीदार आला, ज्ञानू डुबल. त्याने पहिल्यांदा ह्यांच्या पोटावर काळ्यापांढऱ्या रंगाची मोजपट्टी रंगवली, साडेपाचच्या जागी तांबडी रेघ मारली आणि ओट्यावर घोंगडं टाकलं. माणूस सरळ होता. येताजाता विचारायचा, "अण्णा, पातळी बघू का?" हे शर्ट वर करायचे. "हाय तेवढीच हाय," म्हणून तो परत बसायचा. छपरावर भोंगा बसवला. पातळी रेघेला लागली की तो वाजणार होता. मी चुलीपाशी असले तरी माझा एक कान त्या भोंग्याकडे असायचा. पोळी करपली की हे म्हणायचे, "अगं, भोंगा वाजला तर ऐकू येईलच, तू कशाला ऐकत बसतेस?" काय सांगणार ह्यांना!

फुगवटा म्हटला की पाखरं आलीच. आधी बगळे आले, मग चार लांब पायांचे करकोचे. हे खाटेवर आडवे झाले की ते भोवताली एका पायावर उभे राहायचे. शेजारच्या सर्जेराव मोहित्यांच्या विहिरीला भर उन्हाळ्यात पाणी वाढलं. ह्यांच्या फुगवट्याचा पाझर लागला होता. सर्जेराव रोज संध्याकाळी येऊन ह्यांच्या तब्येतीची चौकशी करू लागले, जे त्यांनी वीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

हे मात्र खुशीत होते. लक्ष ठेवणं हे काम त्यांना कळत होतं. "बघ, चोवीस तास राखण हाय," ते म्हणायचे. "त्या डॉक्टरपेक्षा ज्ञानू बरा. कापाकापीची गरजच काय?" आणि त्यांचं मत बदलायचं थांबलं. आता सकाळीही थांबू आणि दुपारीही थांबू. माझं मात्र चक्र चालूच राहिलं, उलट जोरात. कारण मी त्यांना झोपेत बघत होते. झोपेत त्यांचा हात पोटावर जायचा आणि तिथे उघडा पंजा ठेवून ते पडून राहायचे, बांध फुटू नये म्हणून माणूस हात लावतो तसा.

मग खात्याने पूररेषा आखली. फुगवटा फुटला तर कुठवर नुकसान होईल, ती लाल रेषा. मॅडमनी स्वतः दोरी धरली आणि ज्ञानूने तांबडी फक्की ओतली. रेषा खाटेपासून निघाली, स्वयंपाकघराला वळसा घालून, माझी शिवणाची मशीन, तुळस आणि कुरडयांची चादर आत घेऊन परत खाटेशी आली. सर्जेरावांचं घर बाहेर राहिलं. तालुक्याला राहणारा आमचा मुलगाही बाहेर राहिला, तो फोनवरच असतो. आत मी एकटी होते.

"तुम्ही बाधित व्यक्ती," मॅडम मला म्हणाल्या. "तुमचं पुनर्वसन करावं लागेल. वरच्या माळावर पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. नळ आहे."

"आणि हे?"

"त्यांना कसं हलवणार? फुगवटा त्यांच्यात आहे."

सुनावणी शाखा कचेरीच्या पडवीत झाली. डॉक्टर उपाध्यांना ठेकेदार म्हणून बोलावलं होतं. ते बिचारे दवाखाना सोडून आले आणि मिळाली त्या खुर्चीवर बसले. मॅडम म्हणाल्या, "पर्याय दोन. देखरेख चालू ठेवणे, किंवा आतून अस्तरीकरण."

अस्तरीकरण म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. गळका कालवा आतून पक्का करतात ते. डॉक्टरांनी मान हलवली. "आम्हीही तेच करतो. पोट उघडून फुगलेल्या भागात आतून कापडी नळी शिवायची. तेवढा वेळ प्रवाह बंद ठेवावा लागतो."

"मग खालच्या भागाला पाणी?" ज्ञानूने विचारलं.

"मिळत नाही. पाय गार पडतात. फार लांबलं तर अवघड होतं."

"पाण्याचं आवर्तन लांबलं की पिकं जात्यातच," ज्ञानू म्हणाला, आणि यावर सगळ्यांचं एकमत झालं.

सर्जेराव उठले. "माझी हरकत हाय. अस्तर टाकलं की पाझर बंद. माझ्या विहिरीनं काय करायचं? अण्णांचं चांगलं चाललंय, कशाला उगा त्यांना कापताय?" शेवटचं वाक्य त्यांनी ह्यांच्याकडे बघत इतक्या मायेने म्हटलं की ह्यांचे डोळे भरून आले. मी सर्जेरावांकडे असं पाहिलं की ते बसले.

मॅडमनी नियम वाचला. खाली कुणी राहत नसेल तर देखरेख पुरेशी. फुटला तरी नुकसान शून्य. खाली कुणी राहत असेल आणि हलत नसेल, तर अस्तरीकरण करणं खात्यावर बंधनकारक.

"नुकसान शून्य?" मी म्हणाले. "हे जातील त्याचं काय?"

"वहिनी, ते धरण आहेत," मॅडम हळूच म्हणाल्या. "धरणाला बाधितांत धरत नाहीत."

मॅडमनी पुनर्वसनाचा कागद माझ्यापुढे सरकवला. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. हे बोलले, पण माझ्याशी.

"सही कर. वर माळावर हवा चांगली हाय. मी हितं राहतो, ज्ञानू हायच. तू रविवारच्या रविवार ये."

"आणि रविवारी यायच्या आधी भोंगा वाजला तर?"

"वाजू दे. तू तरी लांब असशील." त्यांचा हात पोटावर गेला. "अगं, मला भ्या वाटतं गं त्या टेबलाचं. कापल्यावर उठलोच न्हाई तर? हितं निदान आपल्या खाटेवर तरी असंन."

बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला भीती वाटते असं कधी म्हटलं नव्हतं. भरावाला भगदाड पडलं तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहणारा माणूस. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"मलाही वाटतं," मी म्हणाले. "टेबलाचं पण वाटतं आणि खाटेचं पण वाटतं. माझं काही ठरत नाही हो. रोज दोन्हीकडे जाऊन येते मी. पण हे ठरलंय की मी माळावर जाणार नाही."

"हट्ट करू नगंस. काय झालं तर तुझ्या डोळ्यादेखत व्हईल."

"मग माझ्याच डोळ्यादेखत होऊ दे. दुसऱ्या कुणाच्या व्हायला पाहिजे?"

मी कागद परत सरकवला. मॅडमनी त्यावर लिहिलं आणि वाचून दाखवलं, "बाधित व्यक्ती हलण्यास तयार नाही." मग ह्यांच्याकडे वळल्या. "कणसे, पुढचा नियम तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय," हे म्हणाले. हाच नियम त्यांनी गावोगावच्या लोकांना पडवीत बसवून समजावला होता. नियमापुढे त्यांनी कधी मान वर केली नव्हती. तेव्हाही केली नाही. डॉक्टरांनी तारीख सांगितली आणि विड्या त्याच दिवसापासून बंद करायला लावल्या.

ऑपरेशनच्या सकाळी, धरणातून पाणी सोडायच्या आधी वाजवतात तसा, खात्याने भोंगा तीनदा वाजवला. नदीकाठच्या लोकांनी खबरदारी म्हणून पाण्याच्या मोटारी वर काढल्या आणि जनावरं सोडून घेतली. दवाखान्यातही मॅडमनी लाल रेषा आखली होती, ती ऑपरेशनच्या खोलीखालच्या जिन्यापाशी येत होती. मी त्या रेषेच्या आत बसले. बसले कसली, जिना चढत होते आणि उतरत होते. मुलगा आला होता, तो रेषेबाहेर उभा राहून म्हणाला, "आई, बस की." मी म्हटलं, तू आत ये मग बसते. तो आत आला. तरी मी बसले नाही.

वर त्यांनी प्रवाह बंद केला तो क्षण मला कळला. कसा ते विचारू नका. माझेच पाय गार पडले. पायरीवर उभी होते ती तशीच उभी राहिले, कारण हलले तर काहीतरी बिघडेल असं वाटलं. देवाचं नाव घ्यायला गेले तर एकही आठवेना. ज्ञानू तेवढा खालून म्हणत होता, "सोडत्याल, काकी. पाणी सोडत्याल."

डॉक्टर उपाध्ये मास्क गळ्यात घेऊन बाहेर आले. "प्रवाह सुरू केला," ते म्हणाले. "पाय गरम झालेत." मग मी बसले.

आता हे घरी आहेत. करकोचे गेले. सर्जेरावांची विहीर खाली गेली आणि त्यांची चौकशीही बंद झाली. भोंगा उतरवून नेला. ज्ञानूची बदली दुसऱ्या फुगवट्यावर झाली, जाताना तो ह्यांच्या पाया पडला आणि पोटावरची मोजपट्टी रॉकेलने पुसून गेला.

फुगवटा उतरला की खालची गाळाची जमीन उघडी पडते. ती एका हंगामापुरती कसायला देतात, तिला गाळपेर म्हणतात, आणि तिच्यावर पहिला हक्क बाधितांचा. मॅडम स्वतः येऊन ह्यांच्या पोटावरची, टाक्यांच्या शेजारची पट्टी माझ्या नावे करून गेल्या. डॉक्टर म्हणाले टाके सुकू द्या. मॅडम म्हणाल्या वाफसा येऊ द्या, ओल जरा हटली की पेरा. काल मी अंगठा दाबून बघितला, दोन्ही झालं होतं.

"कोथिंबीर टाकते," मी म्हणाले. "महिन्यात हाताशी येते."

हे खाटेवर आंबा खात होते. त्यांनी कोय चोखून स्वच्छ केली, तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि माझ्या हातावर ठेवली.

"ही लाव."

"अहो, गाळपेर हंगामापुरती असते. तुम्हीच लोकांना सांगायचात. आंब्याला किती वर्षं लागतात!"

"लागतात," हे म्हणाले. "लाव."

मी कोय राखेत घोळवली आणि शर्ट वर करायला सांगितलं.