पोरगं सेट हाय

मनुष्यजन्माला आलेल्या प्रत्येकाला केव्हा तरी सेट व्हावेच लागते, याबद्दल शास्त्रांत मतभेद असतील, सोलापुरात नाहीत. इथे बारशाला आलेल्या बायका पाळण्याची दोरी ओढत आईला विचारतात, "दुसऱ्याचं आत्ताच बघताय, का ह्यो सेट झाल्यावर?" आणि म्हातारा गेला की भेटायला आलेली माणसे म्हणतात, "पोरं सेट झालेली बघून गेला, सोनं झालं." मधल्या साठ-सत्तर वर्षांत माणसाने आपल्या मर्जीने जगायला कोणाची हरकत नाही, फक्त ते सेट होण्याच्या आड येऊ नये.

विरेश मल्लप्पा चौतीस वर्षांचा होता आणि एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होता. इंग्रजीत तीन आणि मराठीत दोन अक्षरांच्या या शब्दाने त्याच्या जाडजूड शब्दकोशाची कित्येक पाने अडवली होती. तरीही सोलापुरातले अर्थ त्यात नव्हतेच. म्हणून त्याने शंभर पानी वही सुरू केली. तीतल्या काही नोंदी अशा:

अर्थ एक: विहिरीवरचा पंप. 'सेट जळाला' म्हणणारा माणूस तालुक्याला येतो आणि मोटारीची तार नव्याने गुंडाळून होईपर्यंत हॉटेलात बसतो. अर्थ चार: स्लॅब. याला रोज पाणी मारल्याशिवाय तो सेट होत नाही. अर्थ पाच: दही. याला मात्र हात लावला की बिघडते. अर्थ सात: आजीचे दात, जे जेवणानंतर वाटीत असतात. अर्थ नऊ: लग्नात आहेर म्हणून येणारा काचेचा जग आणि सहा ग्लास, अर्थात लेमन सेट. (यातून शहर व जिल्ह्यात आजवर कोणी सरबत प्यायल्याची नोंद नाही. तो पुढच्या लग्नात आहेर करतात.) अर्थ अकरा: वरपर्यंत ओळख असणे, म्हणजे सेटिंग. अर्थ बारा: राज्य पात्रता परीक्षा, जिला लाडाने सेट म्हणतात. ही पास झालेला माणूस प्राध्यापक व्हायला पात्र होतो. (पात्र होतो. प्राध्यापक अर्थ अकरामुळे होतो.)

विरेश अर्थ बाराप्रमाणे सेट होता. सहा वर्षे तो तासिका तत्त्वावर शिकवत होता. ही मोठी न्याय्य पद्धत आहे. तास झाला तर मानधन मिळते, सुट्टी पडली तर मिळत नाही, आणि उन्हाळा आला की माणूस आपोआप माजी होतो. जूनमध्ये नवी ऑर्डर निघते, बहुधा ऑगस्टात. त्यामुळे गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी जाहीर झाली की सगळे कॉलेज टाळ्या वाजवी आणि विरेश तेवढा फळ्याकडे तोंड करून उभा राही.

लग्नाच्या बाजारात हे तत्त्व फारसे चालत नाही. तेरा स्थळांनी चहा पिऊन 'कळवतो' म्हटले होते. (कळवतो म्हणजे कळवत नाही. हा शब्द वेगळ्या वहीचा विषय आहे.) चौदावे स्थळ सोमशेखरकाकांनी आणले. काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि माणसांना योग्य जागी बसवण्याची सवय त्यांची सुटली नव्हती. मुलगी अक्कलकोटची, नाव अक्षता. वडील गुरुशांत यांचे पंपसेटचे दुकान. फोनवर बोलणे झाले ते एवढेच:

"पोरगं सेट हाय का वो?" गुरुशांतांनी विचारले.

"सेट हाय की! दुसऱ्या टायमाला झालं," काका म्हणाले. "आणि पोरगी?"

"आमची बी सेट हाय. पयल्याच टायमाला."

दोघांनी समाधानाने फोन ठेवले. पहिली नोकरी सोडून जावयाने दुसरी चांगली धरली, असे गुरुशांतांनी घरात सांगितले. इकडे विरेशच्या आईने, काशम्मांनी, सून सरकारी नोकरीत आहे असे गल्लीत सांगितले.

विरेशला मात्र चैन पडेना. "काका, मी पर्मनंट न्हाय, हे सांगितलंय का तुमी?"

"मी खोटं बोललो का? तू सेट हाईस का न्हाईस?"

"हाय."

"मग!"

फोटो पाहिला नसता तर विरेशने त्याच क्षणी अक्कलकोटला फोन लावला असता. पण त्याने फोटो पाहिला होता, तोही चार वेळा. तेरा स्थळांत 'झाले तर झाले' असे वाटले होते. हे व्हावे असे वाटले. म्हणून रविवारपर्यंत तो गप्प राहिला, आणि त्याची त्याला लाज वाटत राहिली.

रविवारी दुकानामागच्या घरात बैठक झाली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला खाऊन झाली, वर शेंगदाणे पेरलेली. चहा टी-सेटमधून आला. मग गुरुशांत सहज म्हणाले, "कॉलेजात पर्मनंटच असताल न्हवं?"

काकांनी विरेशचा पाय दाबला. विरेशने पाय काढून घेतला.

"नाही," तो म्हणाला. "तासावर शिकवतो. सेट म्हणजे ती परीक्षा पास आहे मी."

गुरुशांतांनी बशी खाली ठेवली. "सोमशेखर, तुमी तर सेट हाय म्हणला की!"

"हाय की सेट! सर्टिफिकीट दाखवू का?"

"बाबा," दारातून अक्षता म्हणाली, "त्यांना काय बोलताय? माझंही तेच की. केमिस्ट्रीत सेट, आणि तासावर."

"अय्यो!" काशम्मा उठून उभ्या राहिल्या. "म्हंजी पोरगी बी सेट न्हाय?"

"दोगं बी सेट हायती!" काका कळवळून म्हणाले. आयुष्यात इतके खरे बोलून इतके खोटे ते कधी पडले नव्हते.

पुढची पंधरा मिनिटे दोन्ही बाजूंनी एकमेकांना एकच वाक्य ऐकवले: तुम्ही आम्हाला फसवले. या गोंधळात कोणाचे लक्ष नाही असे पाहून अक्षता विरेशला दुकानात घेऊन गेली. पंपांच्या खोक्यांमध्ये दोघे उभे राहिले.

"गड्ड्याची सुट्टी किती दिवस असते तुमच्याकडं?" तिने विचारले.

"चार."

"अरे देवा. आमच्याकडं एकच."

"नशीबवान आहात."

ती हसली. विरेशला एकदम हलके वाटले. आपल्याला सुट्टीची भीती वाटते हे त्याने आजवर कोणाला सांगितले नव्हते, आणि इथे सांगावेही लागले नाही.

"लग्नपण तासिका तत्त्वावर करू या," अक्षता म्हणाली. "दर जूनला नवी ऑर्डर. चालेल?"

सहा वर्षांत विरेशला नेमणुकीसाठी कोणी आपणहून विचारले नव्हते. तो लगेच 'चालेल' म्हणाला. (अर्ज, मुलाखत आणि अर्थ अकरा यांशिवाय झालेली त्याच्या पाहण्यातली ही एकमेव भरती.)

बाहेर मोठ्यांची फार अडचण झाली होती. नकार द्यायचा तर कारण सांगावे लागते, आणि कारण दोन्हीकडे एकच होते. तेव्हा होकार देणे सोपे पडले.

लग्नात लेमन सेट अकरा, टी-सेट सात आणि डिनर सेट चार आले. घर पूर्ण सेट झाले. आत राहणारे दोघे तेवढे पात्रताधारक राहिले. पहिल्याच उन्हाळ्यात, दोघेही माजी असताना, त्यांनी एक लेमन सेट खोक्यातून बाहेर काढला आणि त्यात चक्क सरबत करून प्यायले. जूनमध्ये कॉलेजच्या ऑर्डरी आल्या नाहीत. अक्षताने घरची ऑर्डर सही करून वेळेवर फ्रीजला चिकटवली.

एवढे सगळे वाचून ज्यांच्या ओठांवर 'ते ठीक आहे हो, पण पुढे दोघांपैकी कोणी सेट झालं का?' असा प्रश्न आला असेल, त्यांच्यासाठी विरेशच्या वहीत शेवटची नोंद आहे. अर्थ अठरा: दुसऱ्याच्या घरात डोकावण्याआधी दारावर मारायची टकटक. (उदाहरण म्हणून आपलाच प्रश्न सोबत जोडला आहे.)