साळवे बाईंसमोर ‘ॲडजस्ट’ म्हणू नका

साळवे बाईंसमोर ‘ॲडजस्ट’ हा शब्द उच्चारलात, की त्या दिवशीची तुमची बाकीची कामं बोंबलली म्हणून समजा. आमच्या परळच्या इमारतीत लिफ्टचं दार पायाने अडवून बाई त्या एका क्रियापदावर बोलत राहतात. मग वर कुणाचं दूध उतू का जाईना! दूध बहुतेक वेळा आमचंच असतं.

बाई आमच्या दारासमोर राहतात. एकट्याच. उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला, आता शाळा सुटली तरी शिकवणं सुटत नाही. हिंदमाताच्या कापडबाजारात एकदा एका दुकानदाराने साडीशी न जुळणारं ब्लाउजपीस पुढे करून “मॅडम, थोडा ॲडजस्ट कर लो” म्हटलं. संपलं!

“कापड तुमचं चुकलं आणि ॲडजस्ट मी करू? आरसा ॲडजस्ट करतात, घड्याळ करतात. माणसाला काय स्क्रू असतात?”

घरी येऊन तोच तास मला. “अहो सावंत, मूळ लॅटिन आहे. ‘युक्स्टा’ म्हणजे जवळ. जवळ आणून ठेवणं, एवढाच अर्थ! पुढे लोकांना वाटलं, हा ‘जस्ट’मधला, न्यायातला शब्द. तेही चाललं असतं. पण आपण काय केलं? नळाला पाणी नाही, ॲडजस्ट करा. लिफ्ट बंद, ॲडजस्ट करा. सरळ अन्यायालाच ॲडजस्ट म्हणायला लागलो!”

मुद्दा बरोबर आहे हो. पण सकाळी ऑफिसला निघालेल्या माणसाला लॅटिन कशाला?

परिणाम असा, की बाईंकडे कुणी काही मागायला जाईना. पूर्वी इथे आमची चाळ होती, तेव्हा कुणाचंही कार्य असो, पाहुणे झोपायचे दहा घरांत. चाळीचा टॉवर झाला आणि दारं बंद झाली. त्यात बाईंचं दार वाजवायचं म्हणजे बोलताना तो शब्द तोंडून निसटायची भीती!

गेल्या मे महिन्यात माझ्या मुलीचा साखरपुडा झाला. मालवणहून मंडळी आली आणि आमचं घर एवढंसं. शेवटी मावशी आणि तिच्या दोन सुनांना दादरच्या लॉजवर पोचवायला संध्याकाळी मी निघालो. तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

“या म्हातारीला घेऊन कुठे निघालात?”

“लॉजवर, बाई.”

“लॉजवर? समोर माझं घर असताना?” बाईंचा आवाज चढला. “मला विचारलं का नाहीत?”

“तुम्हाला उगाच त्रास… म्हणजे…”

“त्रास? सगळ्या मजल्याने ठरवूनच टाकलंय का, की ही बाई फक्त भांडायला राहते इथे?”

बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. बाईंनी मावशीची पिशवी माझ्या हातातून जवळजवळ हिसकावली आणि आत गेल्या.

आम्ही मागोमाग गेलो. बाई कपाटातून चादरी काढत होत्या. स्वच्छ, इस्त्रीच्या, आणि सगळ्यांना डांबरगोळ्यांचा वास. इतकी वर्षं ही बाई पाहुण्यांची तयारी ठेवून बसली होती आणि आम्ही तिचं दार चुकवत होतो.

सुनांची अंथरुणं खाली घातली. मावशीला बाईंनी पलंगावर, आपल्या शेजारी जागा केली.

“गो बाय,” मावशी संकोचून म्हणाली, “मी निजेत लाथो मारतंय हां.”

“मारा,” बाई उशीला अभ्रा घालत म्हणाल्या. “खुशाल मारा.”