लटारीभाऊंच्या मुंग्या

लटारीभाऊ रोज सकाळी पितळेचा तांब्या घेऊन माझ्या तेलघाणीच्या भिंतीशी येतात, त्यातली लघवी मातीवर ओततात आणि समोर उकिडवे बसून मुंग्यांची वाट पाहतात. मुंग्या आल्या म्हणजे लघवीत साखर, फार आल्या म्हणजे फार साखर. "चांद्याचा डॉक्टर लघवीत निळं औषध टाकून तापवून पाहते. आपल्या डॉक्टरीनबाया फुकट येतात," असं वर सांगतात.

अख्ख्या सिंदेवाहीत त्यांना माझीच भिंत सापडली. पलीकडे माझी जवसाची पोती असतात. बैलामागे फिरून फिरून ही घाणी मी उभी केली, मला कोणी आयती दिलेली नाही. हे मी त्यांना ओरडून सांगितलं.

"वरडू नको, किसन. त्या बिचकतात," भाऊ म्हणाले.

दुसरा राग तेलाचा. एकदा बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात गिऱ्हाईक दाटलं असताना भाऊ ओट्यावर चढले. "नुसता भात खाल्ला तर साखर रक्तात पळत सुटते. संगं तेल असलं का भात पोटात रेंगाळते, साखर हळूहळू चढते!" मी खूश. मापसुद्धा वाजवलं. तेवढ्यात भाऊंनी बोट वर केलं. "पण चमच्यानं! रोज तेलातुपात लोळलं तर आंग सुस्त होते, साखर उचलतच नाई."

बायांनी बाटल्या तिथल्या तिथे अर्ध्यावर आणल्या. एकीनं तर चमचाच मागितला.

आणि हा उपदेशक स्वतः गंजभर, म्हणजे अख्खं पातेलंभर, भात खातो! गंजाच्या बुडाला शीत ठेवत नाही. बायको सगुणाबाई त्यांच्या मागून त्याच ताटात जेवते. तिच्या वाट्याला भाजी आणि जवसाची चटणी. आळीनं त्यांचं नाव 'गंजपुसे' ठेवलं आहे. ठेवणारा मीच.

परवा पोत्यात मुंग्या निघाल्या. मी भर दुपारी भांडायला त्यांच्या घरी गेलो. सगुणाबाई परसात होती. भाऊ ताटावर बसलेले, कपाळावर घाम, हातात भाताचा घास, आणि तो काही तोंडात जाईना.

"जात नाई तर काऊन कोंबून राह्यले?"

"हळू बोल, ती ऐकन." त्यांनी कसाबसा घास गिळला. "साखर मले नाई रे, तिले हाय. पायाची जखम भरून नाई राह्यली. डॉक्टर म्हणे, साखर उतरली नाई तर पाय कापा लागन. पण भाताबिगर जेवण नाई म्हणते. सांगून थकलो. आता माझ्या ताटात उरन तेच ती खाते ना? म्हणून भात मी संपवतो. भाजी-चटणीले हात लावत नाई."

"अन् मुंग्या तुमच्या अंगणात काऊन नाई बोलवत?"

"अंगणात तिले दिसतात. दिसल्या का जेवतच नाई, रडत बसते. मी तुह्या भिंतीकडून येऊन सांगतो, आज कमी होत्या."

भांडण मी सोडलं नाही, लांबणीवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी भाऊंच्या शेजारी मीही उकिडवा बसलो. मुंग्यांची काळी रांग लागली.

"कालच्याइतक्याच हायत," भाऊ पुटपुटले. तोंड उतरलेलं.

समोरच्यानं सांगितलेला पहिला आकडा मी जन्मात कबूल केलेला नाही. "कुठच्या कालच्याइतक्या? ह्या कडेच्या धरू नका, त्या माह्या पोत्यावर निघाल्या. तो डोंगळा हाय, तो मुंगीत येत नाई. अन् ही तर माघारी चालली!"

"ती भेटायले थांबली."

"भेटणाऱ्या धरायच्या नाईत."

 मग भाऊंनी स्वतःच एक मुंगी बोटानं वगळली.

समोर त्यांच्या घराच्या दारात सगुणाबाई पट्टी बांधलेला पाय सांभाळत उभी होती. "आज कसं हाय जी?" तिनं हळूच विचारलं.

भाऊंनी तोंड उघडायच्या आत मी ओरडलो, "कमी, बाई! मी सोता मोजल्या!"