भिंतीमागची रिकामी जागा

आपत्तीत सर्वांत जास्त नुकसान कोणाचे होते, याची पाहणी दर वेळी होते. सर्वांत जास्त अस्वस्थ कोण होते, याकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. ज्याचे घर वाहून जाते त्याला अस्वस्थ व्हायला सवड नसते, कारण तो गाळ उपसत असतो. अस्वस्थ होण्याचे काम मग दुसऱ्या कोणाला तरी अंगावर घ्यावे लागते. नदीला पूर आला आणि खालची वस्ती पाण्यात गेली, तेव्हा ते काम शहरातल्या एका सुप्रसिद्ध अमूर्त चित्रकारांनी घेतले. ते टेकडीवर राहत. पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, पण बातमी पोहोचली, आणि त्या दुपारी त्यांना जेवण गेले नाही. (संध्याकाळी गेले.)

अमूर्त चित्र म्हणजे ज्यात काय काढले आहे हे विचारायचे नसते असे चित्र. विचारले तर चित्रकाराला वाईट वाटते, न विचारले तर आपल्याला. या अस्वस्थतेतून 'प्रवाहानंतर' नावाचे प्रदर्शन उभे राहिले. त्यातली मोठी चित्रे तपकिरी होती, लहान चित्रेही तपकिरी होती, आणि सारे उत्पन्न पूरग्रस्तांकडे जाणार होते. ते कोणत्या वाटेने जाणार हे ठरवायला एक मदत समिती नेमण्यात आली. समितीचे चिटणीस अत्यंत कामसू गृहस्थ. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले, की मदत ही दिसली पाहिजे. पीठ दिसत नाही, खाल्ले की संपते. चादर दिसत नाही, आणि ती पांघरली की माणूसही दिसत नाही. पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी मदत एकच, ती म्हणजे भित्तिचित्र. ठराव एकमताने मंजूर झाला आणि सभासद भिंत शोधायला निघाले.

भिंत सापडायला वेळ लागला नाही, कारण खालच्या वस्तीत उभी अशी एकच राहिली होती. ती वहिनींची होती.

वहिनी म्हणजे कपडे शिवणाऱ्या वहिनी. लहानथोर सगळे त्यांना वहिनीच म्हणत. नवऱ्याच्या माघारी त्यांनी शिवणाच्या मशीनवर घर चालवले होते. पुरात घराच्या बाकीच्या भिंती गेल्या, छप्पर गेले, भांडीकुंडी गेली. राहिली ती रस्त्याकडची भिंत. मशीन वाचले, कारण वहिनींनी ते आधीच शेजारच्या गच्चीवर चढवले होते. सासूबाई वाचल्या, कारण मशीनला एकटे सोडायला त्या तयार नव्हत्या. सध्या दोघी शाळेच्या एका वर्गात, रचलेल्या बाकांमागे राहत होत्या. शाळा लवकरच उघडणार होती. त्याआधी उरलेल्या भिंतीला धरून आडोसा झाला आणि वर सरकारी मदतीचे पत्रे पडले, तर निभावणार होते. नाहीतर दोघी मशीनसकट रस्त्यावर.

चित्रकार परवानगी मागायला जातीने आले.

"ताई, या भिंतीवर थोडं काम करायचं म्हणतो."

वहिनींना वाटले, गिलावा करून देतात. त्या म्हणाल्या, "करा की साहेब. तेवढंच पाणी मुरायचं थांबेल."

"रंग कोणता आवडेल तुम्हाला?"

"मळखाऊ असला म्हणजे झालं."

चित्रकारांनी वहिनींना हात जोडले आणि ते निघून गेले. वहिनींचे ते वाक्य माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापले गेले आणि त्याखाली 'एक पूरग्रस्त स्त्री' असे आले. वहिनींनी ते सासूबाईंना वाचून दाखवले.

"तुझं नाव नाही घातलं?"

"एक पूरग्रस्त स्त्री म्हटलंय, आई."

"मग मी कोण, कोरडी?" सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

भित्तिचित्र यथावकाश पूर्ण झाले. त्यात खाली तपकिरी, वर करडे आणि मधे एक पिवळा फराटा होता. समितीने पुलावर जनमत घेतले. त्यात चाळीस टक्के नागरिकांना तो सूर्य वाटला, तीस टक्क्यांना अंडे, वीस टक्क्यांनी 'दुसरा हात कधी मारणार' असे विचारले, आणि उरलेले थांबलेच नाहीत. (जे थांबलेच नाहीत त्यांची नोंद 'नि:शब्द झाले' या सदरात करण्यात आली.) चित्राचे नाव 'निवारा'. उद्घाटनाला वहिनींना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. ती त्यांच्याच जुन्या मोरीच्या जागेवर मांडलेली होती, हे त्यांच्या बसल्यावर लक्षात आले. भाषणे झाली, टाळ्या झाल्या, फुगे सोडले. वहिनींनीही टाळ्या वाजवल्या. एकदाचे आटोपले, आता आपले काम सुरू करता येईल, या आनंदात वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीच्या आतल्या बाजूला पहिला खिळा ठोकला. दुसरा ठोकायच्या आत चिटणीस धापा टाकत आले.

"अहो वहिनी, काय चाललंय हे?"

"खिळे मारतेय. पत्र्यांना आधार नको?"

"चित्राच्या मागून?"

"मग काय पुढून मारू?"

चिटणिसांनी शांतपणे समजावून सांगितले. ठोकाठोकीने रंगाला तडे जातात, ही झाली साधी अडचण. खरी अडचण वेगळीच होती. चित्रकारांनी एका मुलाखतीत सांगून टाकले होते, की भिंतीमागची रिकामी जागा हा चित्राचाच भाग आहे. किंबहुना तोच मुख्य भाग आहे, समोरचे रंग ही केवळ त्याची प्रस्तावना. आता त्या जागेत चूल मांडणे, दोरी बांधणे, किंवा झोपणे म्हणजे चित्रात खाडाखोड करणे ठरणार होते. वहिनींनी हे सगळे ऐकून घेतले. त्यांना राग आला, अगदी पोटातून राग आला. पण पूरग्रस्तांनी रागवायचे कुठे, यासाठी समितीने उपसमिती नेमलेली नव्हती.

त्यांनी थेट टेकडी गाठली. चित्रकारांनी त्यांना आत बसवले, पाणी दिले, आणि चित्रकारांचेच डोळे पाणावले.

"ताई, तुम्ही तिथे घर बांधलंत तर 'निवारा' संपेल हो."

"आणि नाही बांधलं तर?"

"तर तो कायम राहील."

"कोणाला?"

चित्रकारांनी डोळे मिटून घेतले. ('कोणाला?' हे त्यांचे पुढचे प्रदर्शन सध्या तयारीत आहे. तेही तपकिरी असेल असे समजते.)

इतक्यात चित्राला पावसापासून वाचवण्याचा प्रश्न निघाला. समितीने विचारांती ठरवले, की भिंत हीसुद्धा पूरग्रस्तच आहे. त्यासाठीचे निकष स्पष्ट होते: उघड्यावर असणे, अंगावर पाण्याचा डाग असणे आणि तक्रार न करणे. तिसऱ्या निकषावर वहिनी नापास झाल्या. त्यांच्या घरासाठी आलेले पत्रे त्यांच्याच घराच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूने, चित्राला सावली पडेल असे बसवण्यात आले. घर तेच, पत्रे तेच, फक्त बाजू बदलली. त्यामुळे अन्याय झाला असे म्हणायला कोणाला जागा उरली नाही.

शाळा उघडली. वर्ग रिकामा करून द्यावा लागला. वहिनी मशीन आणि सासूबाईंना घेऊन पत्र्यांखाली, चित्रासमोर येऊन बसल्या, कारण गावात आपले म्हणावे असे छप्पर त्यांना तेवढेच होते. समितीत खळबळ उडाली. पण एका जाणकाराने लिहिले, की मशीनच्या आवाजाने 'निवारा'ला काळजाचा ठोका मिळाला आहे, आणि खळबळ बसली. दोघींच्या भोवती जाड दोरी लावण्यात आली. 'कृपया स्पर्श करू नये' अशी पाटी आली. पाहणाऱ्यांची संख्या वाढली. शिवायला मात्र कोणी काही देईना, कारण चित्राला कोण माप देणार?

"सूनबाई, ते माझ्याकडे बघून रडताहेत बघ," सासूबाई म्हणायच्या. "मला काही झालंय का?"

रविवारी दुपारी वारा सुटला. पत्र्यांची सावली भिंतीपुरती होती. पाऊस तिरका आला तर मशीन भिजणार, सासूबाई भिजणार, चित्र तेवढे कोरडे राहणार. वहिनींनी कात्री खाली ठेवली, स्टूल ओढले, वर चढून कडेच्या पत्र्याचे नट फिरवले. त्यांचे गणित साधे होते: एवढा एक पत्रा मागच्या बाजूला नेऊन भिंतीला तिरका टेकवायचा आणि त्याखाली मशीन सरकवायचे. चित्राचे काय व्हायचे ते होवो. पत्रा सुटला. एक टोक त्यांच्या हातात राहिले, दुसरे हवेत डोलू लागले.

समोर गर्दी होती. सुट्टीचा दिवस, सहकुटुंब आलेले लोक.

"अहो, जरा ते टोक धरता का कोणी?" वहिनी म्हणाल्या.

कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवली. "काय जिवंत केलंय!" एक गृहस्थ बायकोला म्हणाले. मोबाइल वर झाले. मागच्यांना दिसावे म्हणून पुढचे खाली बसले. चित्रकार स्वतः हजर होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवून खूण केली, की मधे कोणी जाऊ नये.

सासूबाई उठल्या, दोरी धरून उभ्या राहिल्या, हात वर केला. हात पोहोचेना.

"कोणीतरी या हो पुढे! पत्रा जड आहे, हात चिरतोय माझा!"

लोक हेलावले. पत्र्याची कड वहिनींच्या तळव्यात रुतली आहे, स्टूल डुगडुगते आहे, पहिले थेंब पडू लागले आहेत. दोरीपाशी, टोकापासून अगदी हाताच्या अंतरावर, वाचकहो, आपणही मघापासून उभे आहात. आपण पुढे होत नाही, यात समितीला काही गैर वाटत नाही. आपल्या हातात हे पुस्तक आहे, आणि वहिनींचे पुढे काय झाले ते वाचल्याशिवाय आपल्याला ते खाली ठेववत नाही.